कोणता मण, कोणता किलो?

पूर्वी कुणी ‘मण’ म्हटलं की ‘कोणता मण?’ असं विचारावंच लागे. बंगाली मण चाळीस शेरांचा आणि त्यातला शेर ऐंशी तोळ्यांचा. आजच्या हिशेबानं तो मण ३७.३ किलोंच्या आसपास भरतो. मुंबईचा मणही चाळीस शेरांचाच, पण तो शेर लहान. त्यामुळे अख्खा मण अवघ्या अठ्ठावीस पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोंचा. नाव एक, चाळीसचा आकडाही एक आणि माल मात्र जवळजवळ तिपटीनं कमीजास्त! त्यातून धान्य मापानं मोजायचं असेल तर पायली, अधोली आणि मापाचा शेर हा आणखी वेगळा संसार. वजनाचा शेर आणि मापाचा शेर यांची गाठ घालणं हे ज्याच्या हातात ताजवा असे त्याचं काम, आणि त्यात त्याचं नुकसान सहसा होत नसे.

हे सारं आज सांगायला घेतलं ते जुन्या बाजाराचं कौतुक करण्यासाठी नव्हे. मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात यंत्रशाळेचा विषय शिकवला. निवृत्त झाल्यावरही आसपासच्या गावांतली मुलं आपापले प्रकल्प घेऊन घरी येतात. नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून ‘नगर’वरच वळते) कारखानदारीनं आणि कालव्यांनी या मुलांना विषय भरपूर दिले आहेत. कुणी मुळा धरणाच्या दरवाजाची प्रतिकृती करतं, कुणी डाळिंबावर फवारा मारणारा यांत्रिक हात, तर कुणी कांदा निवडायचं यंत्र. या सगळ्यांत एक लहानशी मोटर असते. आगपेटीपेक्षा थोडी लहान किंवा थोडी मोठी. तिला सर्वो मोटर म्हणतात. साधी मोटर गरगर फिरत राहते. सर्वो मात्र सांगितलेल्या कोनापर्यंत वळते आणि तिथं ठाम उभी राहते. तिच्या पोटात मोटर, दातेरी चाकं आणि ‘आपण किती वळलो’ हे सांगणारा एक पहारेकरी असतो.

धरणाच्या दरवाजावर काम करणाऱ्या तीन मुलांनी एकदा मला विक्रीच्या पानांवरून उतरवून घेतलेले तीन आकडे दाखवले. पहिल्या मोटरीवर लिहिलं होतं ९.४ किलोग्रॅम-सेंटिमीटर, दुसरीवर १३० औंस-इंच आणि तिसरीवर ०.९२ न्यूटन-मीटर. मुलांनी दुसरी निवडली होती. किंमत सगळ्यांत जास्त होती, पण एकशेतीस म्हणजे सगळ्यांत दणकट, असा त्यांचा सरळ हिशेब. तिसरीकडे तर त्यांनी पाहिलंही नव्हतं, कारण तिचा आकडा एकाच्याही आत होता. मी त्यांना कागद-पेन्सिल दिली आणि तिन्ही आकडे एका एककात आणायला सांगितले. अर्ध्या तासानं तिघंही एकमेकांकडे बघत बसले. तिन्ही मोटरींची ताकद एकच होती.

मुलांना गुणाकार येत होता. त्यांना ठाऊक नव्हता तो या आकड्यांमागचा इतिहास, आणि तो पुस्तकात एका जागी कुठं लिहिलेलाही नाही. म्हणून तोच आज सांगतो.

आधी ही ताकद कसली ते पाहू. रेडिओवर फळा नाही, तेव्हा डोळ्यांसमोर जातं आणा. जात्याचा खुंटा पाळीच्या कडेला असतो. तो मधोमध, खिळीजवळ बसवला तर? दळणारीचा घाम निघेल, पण पाळी हलायची नाही. हात तोच आणि जोरही तोच. बदललं ते फक्त मधल्या खिळीपासूनचं अंतर. जोर आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे पीळ. इंग्रजी वळणाचा ‘टॉर्क’ हा शब्द आता गॅरेजपासून गोठ्यापर्यंत रुळला आहे, म्हणून मीही तोच वापरतो. पान्याला नळीचा तुकडा लावून ट्रॅक्टरचा गंजलेला नट सोडवणारा माणूस हाच गुणाकार करत असतो.

गुणाकार म्हटल्यावर त्यात दोन एककं आली. एक जोराचं, दुसरं अंतराचं. अंतराचं काही अडत नाही. इंच आणि सेंटिमीटर पट्टीवर शेजारी शेजारी असतात. सगळी गोची आहे ती जोराच्या एककात, म्हणजे त्या ‘किलो’त.

किलो आपल्याकडे आला तो वाण्याच्या दुकानातून. १९५६ साली संसदेनं वजनमापांचा कायदा केला आणि मीटर व किलोग्रॅम ही देशाची मापं ठरवली. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये, १९५७ साली, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून नवी वजनं टप्प्याटप्प्यानं बाजारात आली आणि १९६२ पर्यंत शेर-मणांना कायद्यानं निरोप मिळाला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून सदुसष्ट ग्रॅमनं मोठा. शेराचा भाव किलोला लावला तर दुकानदार बुडायचा, आणि किलोला वाढवून लावला तर ‘महागाई केली’ म्हणून गिऱ्हाईक बोंबलायचं. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे. तो पाव पैसा द्यायचा कसा, हाही वाद होताच. उसाच्या टनाचंही तेच. ब्रिटिश टन १,०१६ किलोंचा आणि मेट्रिक टन १,००० किलोंचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला तेव्हा देशाचं मेट्रिक होणं अजून दूर होतं. टनामागे सोळा किलो हा फरक एका गाडीला किरकोळ वाटतो. हंगामभराच्या उसाला लावून पाहा.

सांगायचा मुद्दा असा, की किलो आपल्याला ताजव्यात भेटला. त्यामुळे किलो म्हणजे वजन आणि वजन म्हणजे किलो, हे डोक्यात घट्ट बसलं. वाण्याच्या दुकानात त्यानं काहीच बिघडत नाही. पण शास्त्राच्या दृष्टीनं किलोग्रॅम सांगतो तो वस्तूत द्रव्य किती आहे एवढंच. तीच एक किलो साखर चंद्रावर नेली तरी ती एक किलोच राहते. तिथं तिला खाली खेचणारा जोर मात्र सहाव्या हिश्श्यावर येतो. ताजवा दोन पारड्यांची तुलना करतो, म्हणून त्याला हा फरक कळत नाही. मोटरीला कळतो, कारण मोटर तोलत नाही, ओढते.

युरोपातल्या शास्त्रज्ञांनाही हा घोळ जाचत होताच. १९०१ साली वजनमापांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं तो मिटवायचा प्रयत्न केला. पृथ्वीच्या ओढीचा एक प्रमाण आकडा ठरवला: ९.८०६६५. एक किलोग्रॅमला पृथ्वी या प्रमाणानं जेवढ्या जोरानं खेचते, तो एक ‘किलोग्रॅम-बल’. गंमत म्हणजे प्रत्यक्ष ओढ गावागणिक बदलते. नगर विषुववृत्ताच्या बरंच जवळ आणि वर पठारावर. इथं ती ९.७८ च्या आसपासच भरते. पण रूपांतर करताना नगरचा आकडा घ्यायचा नाही, १९०१ चाच घ्यायचा. तो मोजलेला नव्हे, ठरवलेला आकडा आहे.

जर्मन लोकांनी या बलाच्या किलोला ‘किलोपाँड’ असं सरळ निराळंच नाव दिलं होतं. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. बाकी बहुतेक ठिकाणी, आणि आपल्याकडेही, कामगारांनी ‘बल’ हा शब्द गिळून टाकला आणि ‘किलोग्रॅम-बल सेंटिमीटर’चं ‘केजी-सीएम’ झालं. लिहायला सोपं आणि समजायलाही सोपं, पण त्यातला किलो हा ताजव्यातला किलो नव्हे, ही खूण पुसली गेली.

दरम्यान शास्त्राचं गाडं पुढं गेलं. १९४८ साली बलाच्या नव्या एककाला न्यूटनचं नाव मिळालं. १९६० साली एसआय पद्धत जन्माला आली. भारतानं १९७६ च्या नव्या वजनमाप कायद्यानं ती पद्धत पायाभूत मानली, आणि आजचा २००९ चा वैधमापन कायदाही तिच्यावरच उभा आहे. तिच्यात किलोग्रॅमनं फक्त वस्तुमान सांगायचं. जोर सांगायचं काम न्यूटनचं. कायदा बदलला, पण यंत्रशाळेतली जीभ बदलली नाही. वजनमाप निरीक्षक दुकानातला ताजवा तपासतो. मोटरीच्या खोक्यावरचा टॉर्क सहसा कुणी तपासत नाही.

नगरमध्ये हा इतिहास कागदावर वाचायची गरज नाही, तो लोखंडात उभा आहे. चिलखती दलाच्या केंद्राचं रणगाडा संग्रहालय इथं १९९४ साली सुरू झालं. तिथं ब्रिटिश सेंच्युरियन आहे आणि १९६५ च्या युद्धात हाती लागलेला अमेरिकी बनावटीचा पॅटनही आहे. आपल्या सैन्यानं फ्रेंच रणगाडे वापरले, रशियन वापरले आणि मग आवडीत बांधलेला विजयंता. आता त्यांच्या बोल्टांचा विचार करा. ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रांच्या पुस्तिकांत टॉर्क पौंड-फुटात असे, तर रशियन पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटरमध्ये. एक पौंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर आणि एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर. पाना आवळणारा हात तोच, पण आकड्याचा अर्थ रणगाड्यागणिक सातपटीनं बदलायचा.

त्या सेंच्युरियनचा आणि आमच्या मुलांच्या मोटरीचा आणखी एक धागा आहे, आणि तो मला फार आवडतो. ‘सर्वो-मोटर’ हा शब्द झोझेफ फार्को या फ्रेंच अभियंत्यानं रूढ केला. १८७३ साली त्यानं या विषयावर पुस्तकच प्रसिद्ध केलं. मोठ्या जहाजाचं सुकाणू माणसाच्या हातानं वळेना, म्हणून वाफेचं यंत्र ते वळवी. हातानं इशारा फक्त द्यायचा आणि यंत्रानं सेवकासारखं तेवढंच वळायचं. ‘सर्वो’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘सेवक’च आहे. पुढे हीच कल्पना तोफेला लागू झाली. सेंच्युरियनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तोफ स्थिर धरणारी यंत्रणा आली. रणगाडा खाचखळग्यांतून उसळत असला तरी तोफेचं तोंड नेमावर राहावं, म्हणून ती क्षणोक्षणी तोफेला उलट वळवत राही. मोठ्या तोफेचं तोंड सावरणारी यंत्रणा आणि ९ ग्रॅम वजनाची, विद्यार्थ्यांना शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी मोटर यांचा वंश एकच.

ही लहान मोटर आली छंदातून. रिमोटवर उडणारी विमानं आणि पळणाऱ्या मोटारी यांचं साहित्य जपानी कंपन्या बनवत आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं अमेरिकेत. जपानी कारागिराची भाषा किलोग्रॅम-सेंटिमीटर, अमेरिकी छांदिष्टाची औंस-इंच. म्हणून खोक्यावर दोन्ही आकडे छापायची रीत पडली. जपाननं १९९२ च्या मापन कायद्यानं किलोग्रॅम-बलाला रजा दिली आणि त्यासाठी १९९९ पर्यंत मुदत ठेवली. मग न्यूटन-मीटरही आला. पुढं चिनी कारखान्यांनी याच मोटरी स्वस्तात काढल्या, आणि विकणाऱ्यानं तीनपैकी मनाला येईल तो आकडा छापायचा, असं झालं. त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही, पण मोठा दिसणारा आकडा कुणाला नको असतो?

रूपांतर अवघड नाही. एक न्यूटन-मीटर म्हणजे १०.२ किलोग्रॅम-सेंटिमीटर. तोंडी हिशेबाला दहा धरा. दोन टक्क्यांची चूक होते, आणि या मोटरींच्या बाबतीत दोन टक्के हा धुरळा आहे. एक किलोग्रॅम-सेंटिमीटर म्हणजे १३.९ औंस-इंच, तोंडी हिशेबाला चौदा. औंस-इंचाच्या आकड्याला चौदानं भागा, न्यूटन-मीटरला दहानं गुणा, की सगळे एका रांगेत येतात. मुलांनी १३० ला चौदानं भागलं तेव्हा ९.३ आले, आणि ०.९२ ला दहानं गुणल्यावर ९.२. दशांशातले हे फरक तोंडी हिशेबाचे. खरे आकडे घेतले तर तिन्ही जागी ९.४ च येतात.

दुकानदुचाकीच्या जाहिरातींनीही हा गोंधळ एकदा घातला होता. १९७२ साली बाजारात आलेली लुना नगरच्या कारखान्यात बनायची, तेव्हापासून इथल्या माणसाला दुचाकीची बारीकसारीक माहिती वाचायची हौस आहे. जुन्या माहितीपत्रकांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये असे, समजा ०.८. नंतर तोच आकडा न्यूटन-मीटरमध्ये ७.८ असा छापला जाऊ लागला. नवी गाडी दहापट जोरकस झाली असं मानणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यात शिकलेलेही होते.

इथपर्यंत फार तर पैसे वाया गेले. पण उलट चूक झाली तर? कामाला हवाय एक न्यूटन-मीटर आणि कुणी आणली एक किलोग्रॅम-सेंटिमीटरची मोटर. ती हवी त्याच्या दहाव्या हिश्श्याची. ती हात उचलायचा प्रयत्न करते, जागीच अडकते, वीज खात राहते, तापते, आणि दाते तरी तुटतात किंवा मोटर तरी जळते. गॅरेजात तर गोष्ट अधिक गंभीर. टॉर्क मोजणाऱ्या पान्यावर बहुधा दोन मोजपट्ट्या असतात. पुस्तिकेत ७० न्यूटन-मीटर लिहिलंय आणि कारागिरानं पौंड-फुटाच्या पट्टीवर ७० लावले, तर बोल्टवर प्रत्यक्षात ९५ न्यूटन-मीटर पडतात. बोल्ट त्या वेळी तुटत नाही, ताणला जातो. तुटतो तो नंतर, रस्त्यावर. अमेरिकेनं मंगळाकडे पाठवलेलं एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी हरवलं ते अशाच कारणानं. एका संगणक-प्रणालीनं जोराचा हिशेब पौंडात दिला, दुसरीनं तो न्यूटनचा समजून वापरला. फरक साडेचार पटींचा. यान मंगळाच्या फारच जवळून गेलं आणि संपलं.

आणखी एक खोड सांगायलाच हवी, कारण ती मला सगळ्यांत जास्त खटकते. विक्रीच्या पानांवर पुष्कळदा ‘किलोग्रॅम-सेंटिमीटर’ऐवजी ‘किलोग्रॅम/सेंटिमीटर’ असं तिरकी रेघ मारून लिहितात. ती रेघ म्हणजे भागाकार. ‘दहा किलो, दर सेंटिमीटरला’ असं वाचलं की मुलाला वाटतं, हात दोन सेंटिमीटर लांब केला तर वीस किलो उचलेल, दहा सेंटिमीटर केला तर शंभर! खरं तर उलटं आहे. दहा किलोग्रॅम-सेंटिमीटरची मोटर आसापासून एक सेंटिमीटरवर दहा किलो पेलते, दोनवर पाच आणि दहा सेंटिमीटरवर फक्त एक किलो. जात्याचा खुंटा आठवा. तिथं बाहेरून आपण फिरवत होतो म्हणून लांबी आपल्या बाजूनं होती. इथं मधून मोटर फिरवतेय, त्यामुळे लांबी तिच्या विरुद्ध जाते.

शेवटी फवारणीच्या त्या यांत्रिक हाताचा हिशेब करून दाखवतो. हात पंधरा सेंटिमीटर लांब, टोकाला चारशे ग्रॅमची नळी आणि फवारा. ०.४ गुणिले १५ म्हणजे ६ किलोग्रॅम-सेंटिमीटर. हाताच्या पट्टीचं स्वतःचं वजन शंभर ग्रॅम. ते तिच्या मध्यावर, साडेसात सेंटिमीटरवर धरायचं, म्हणजे आणखी पाऊण. एकूण पावणेसात. न्यूटनात करायचं तर आधी किलोंना ९.८१ नं गुणून जोर काढा, मग मीटरनं गुणा, ०.६६ न्यूटन-मीटर येतात, आणि ते परत १०.२ नं गुणले की तेच पावणेसात. यंत्रशाळेत उभ्यानं हिशेब करायला मला अजून केजी-सीएमच बरा वाटतो. पण हात किती वेगानं वळेल, किती वीज खाईल, हे काढायचं असेल तर न्यूटनवाचून गती नाही.

आता ९.४ ची मोटर पावणेसातला पुरेल का? मुलं एका सुरात ‘हो’ म्हणाली. पण खोक्यावरचा आकडा असतो तो मोटर जागीच अडकेपर्यंतचा, म्हणजे तिच्या शेवटच्या दमाचा. बैलाला दिवसभर कोणी शेवटच्या दमावर जुंपत नाही. निदान दुप्पट धरा, म्हणजे साडेतेरा-चौदा. शिवाय व्होल्टेज पाहा. विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेल्या एमजी ९९६ आर या मोटरीच्या माहितीपत्रकात ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ असे दोन आकडे आहेत. एकीचा ६ व्होल्टचा आकडा आणि दुसरीचा ४.८ व्होल्टचा आकडा शेजारी ठेवला, तर एककं कितीही बिनचूक बदललेली असोत, तुलना चुकलीच. फवाऱ्याच्या मुलांनी अखेर हाताची लांबी पंधरावरून दहा सेंटिमीटर केली. मागणी साडेचारवर आली आणि तीच ९.४ ची मोटर दुपटीच्या नियमात बसली.